जुन्या रंगाचं इंजिन आणि पाठमोरे हे

फोटो काढणं ही काही अवघड गोष्ट नाही, असं दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझं ठाम मत होतं. छत्तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. दर वर्षी शंभर-सव्वाशे पोरं फोटोसाठी चार रांगांत उभी केली. त्यातलं एक नाक पुसत असतं, एक पुढच्याची वेणी ओढत असतं आणि एक ऐन वेळी कौलावरच्या माकडाकडे बघतं. एवढ्यांना एका क्षणात समोर बघायला लावणाऱ्या बाईला एक म्हातारा आणि एक इंजिन जमू नये? म्हातारा फारसा हलत नव्हता. इंजिन तर रुळावरूनच येतं, चिकूच्या वाडीत शिरून लपत नाही.

तरी कसं फसलं ते सांगते.

आमचे हे, म्हणजे अमृत, डहाणू आणि घोलवडच्या मधल्या एका फाटकावर पस्तीस वर्षं गेटमन होते. आता ते फाटक नाही. खालून रस्ता काढला, बाजूला तारांचं कुंपण घातलं. उरला तो कुंपणाबाहेरचा यांचा उभं राहायचा चौथरा. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. दोन हजार सतराच्या डिसेंबरात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, उन्हाळा निघेल, पावसाळ्याचं मी काही सांगत नाही. जणू हवामान खात्यातले डॉक्टर. यांच्या फुप्फुसांत पाणी होत होतं.

घरी आले आणि यांचा फोटो शोधायला बसले. का, ते सांगायला नको. आपल्याकडे माणूस गेल्यावर सगळ्यात आधी फोटोच लागतो.

फोटो नव्हता. लग्नात बोलावलेल्या फोटोवाल्याचा रोल धुताना काळा पडला होता. आधार कार्डावरच्या फोटोत हे ते कार्ड चोरताना पकडल्यासारखे दिसतात. निवृत्तीच्या सत्काराचा मोठा फोटो आहे. त्यात चार साहेब आहेत, हार आहे, नारळ आहे, रिकामी खुर्ची आहे, हे नाहीत. फोटोवाल्याने 'हसा' म्हटलं आणि तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला. नवा गेटमन जागेवर उभा असूनही हे उठून चौथऱ्यावर गेले.

अशा वेळी जानेवारीत मनिष आला. मनिष माझा जुना विद्यार्थी, तलासरीला पोस्टात कारकून. त्याला इंजिनांचं वेड आहे. लोक पोरांच्या पत्रिका सांगतात तसा हा इंजिनांचे नंबर सांगतो. त्याने बातमी आणली की एका मालगाडीच्या इंजिनाला वारसा म्हणून अगदी जुना रंग दिलाय, विजेची इंजिनं आपल्या लाइनीवर नवी होती तेव्हाचा. विटेसारखा लाल, पोटावरून पिवळा पट्टा. येत्या रविवारी ते सुरतेकडून कंटेनरची गाडी घेऊन येणार होतं.

हे खाटेवर उठून बसले. पंधरा दिवसांत प्रथमच आधाराशिवाय.

"पट्टा किती रुंद आहे?" यांनी विचारलं.

"काका, ते बघायलाच तर जायचंय," मनिष म्हणाला.

माझा बेत तिथेच ठरला. मागे जुन्या रंगाचं इंजिन, पुढे चौथऱ्यावर हे, तोंड माझ्याकडे. भिंतीवर लावला की येणाराजाणारा विचारील, आणि मला चार गोष्टी सांगता येतील.

पहिली अडचण मनिषची. त्याच्या फोटोत माणूस चालत नाही. इंजिन, रूळ, आभाळ, बस्स. फ्रेम स्वच्छ पाहिजे म्हणाला. मी म्हटलं, तुझी फ्रेम तुला लखलाभ, मी माझ्या मोबाइलने काढीन. कसा काढायचा ते मी मुलीकडून फोनवर शिकून घेतलं. पांढऱ्या गोलावर बोट टेकायचं. बालवाडीचा अभ्यास.

दुसरी अडचण यांची.

"गाडीला पाठ दाखवू?" हे म्हणाले. मी कुणाच्या तरी घरात चोरी करायला सांगितल्यासारखा यांनी चेहरा केला.

गेटमनचा नियमच तो. गाडी जाताना तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं, प्रत्येक चाक बघायचं. कुठे धूर, कुठे ठिणगी, काही लोंबतंय का. दिसलं तर मागच्या गार्डला लाल झेंडा दाखवायचा. यांनी पस्तीस वर्षांत एवढी चाकं पाहिली की माणसांकडेसुद्धा आधी पायांपासून बघायची सवय लागली. मी म्हटलं, अहो, तुम्हाला रिटायर होऊन दहा वर्षं झाली.

"मी झालो. गाडी कुठे झाली?"

दोन दिवस समजूत घातली. मग तालीम ठेवली. शेजारचा काकड्या पूर्वी गँगमन होता. तो पत्र्याचा डबा बडवत अंगणातून गाडी होऊन धावायचा. हे माझ्याकडे तोंड करून उभे. डबा जवळ आला की हे सूर्यफुलासारखे वळायचे. सहा वेळा गाडी धावली, सहा वेळा मला यांची पाठ दिसली. सातव्या वेळी काकड्याच धाप लागून ओट्यावर बसला आणि म्हणाला, "बाई, मालगाडी बंद. आता नुसतं इंजिन हाय, तेबी बिघडलेलं."

शेवटी तडजोड झाली. इंजिन पुढून जाईपर्यंत हे माझ्याकडे बघतील. डबे सुरू झाले की हे वळायला मोकळे.

"इंजिनापुरता तुझा," हे म्हणाले.

मला दोन-तीन सेकंद मिळत होते. सव्वाशे पोरांना एक सेकंद पुरायचा.

रविवारी सकाळी निघताना हे म्हणाले, "ती लाल साडी नेस."

इथे जरा मागे जावं लागेल. आमच्या लग्नाला आठ दिवस झाले होते. फाटकाजवळच्या खोलीत राहायला आले, लग्नातली लाल साडी धुतली आणि कुंपणावर वाळत घातली. समोरून मालगाडी आली. पुढे याच विटकरी रंगाचं इंजिन, तेव्हा कोरं करकरीत. वाऱ्याने साडी फडफडली आणि सबंध गाडी करकरत माझ्या साडीपुढे थांबली. हे हिरवा झेंडा घेऊन पळत आले, आधी साडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पोट धरून हसायला लागले. ड्रायव्हर वरून शिव्या देतोय आणि सत्तावीस वर्षांचा हा माणूस रुळाकडेला बसून हसतोय. पुढे चौकशी झाली. यांनी लिहून दिलं की झेंडा दाखवताना माझी चूक झाली. साडीचं नाव घेतलं नाही. पस्तीस वर्षांत यांच्या नावावर चुकून थांबलेली ती एकच गाडी. ती साडी पेटीत गेली, आणि त्या दिवसापासून मी लाल रंग कपाळापुरता ठेवला.

"आज काय," हे म्हणाले, "आता तिथे फाटक नाही, झेंडा नाही. नेस."

नेसले. वरून घट्ट राखाडी शाल गुंडाळली. जुन्या भीतीचा काही भरवसा नसतो.

गाडी दहाला यायची होती. साडेअकरापर्यंत धुकंच आलं. पाड्यावरची तीस-चाळीस माणसं जमली होती. कुणी हार आणला, कुणी नारळ. इंजिन म्हातारं झालंय, त्याचा मान करायचा असं कुणीतरी ठरवलं होतं. आमच्याकडे म्हाताऱ्या बैलालासुद्धा पोळी देतात. मनिष तिकडे वळणावर कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून बसला होता आणि फ्रेममध्ये आलेल्या बकऱ्या हाकलत होता.

यांना थंडी सोसेना. काकड्याने चौथऱ्याजवळ शेकोटी केली आणि वर चहाची किटली ठेवली. लगेच मनिष धावत आला. म्हणाला, "बाई, धूर फ्रेममध्ये येतोय. हे सगळं पलीकडे न्या ना."

त्यावर मी काय म्हणाले ते ऐका. मी म्हणाले, "बरोबर आहे. माझ्याही फोटोत येईल."

काकड्या कुरकुरत शेकोटीची लाकडं घमेल्यात घालून, किटली हातात घेऊन खालच्या रस्त्याने रुळांच्या पलीकडे गेला आणि नेमका आमच्या समोर बसला. हे तेव्हा डोळे मिटून चौथऱ्यावर टेकले होते.

दीडच्या सुमारास रूळ वाजले. मला काही ऐकू आलं नाही, यांना आलं. हे उठले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं, टोपी सरळ केली आणि गाडीला पाठ करून माझ्याकडे तोंड केलं. पस्तीस वर्षांची सवय मोडताना त्या माणसाची मान पुन्हा पुन्हा रुळाकडे वळू बघत होती. मी मोबाइल धरला. पांढरा गोल दिसत होता. बोट तयार होतं.

आणि यांच्या खांद्यावरून ते इंजिन आलं.

तोच रंग. काय सांगू तुम्हाला, अगदी तोच. पिवळा पट्टा, वर उन्हाचा कवडसा. मला एकदम ओल्या साडीचा वास आला. रुळाकडेला बसून हसणारा तो मुलगा दिसला, मिसरूड असलेला, दोन्ही फुप्फुसं शाबूत असलेला. मी बघतच राहिले. इंजिन जाईपर्यंत बघत राहिले.

बोट हवेतच होतं.

भानावर आले तेव्हा डबे सुरू झाले होते आणि समोर यांची पाठ होती. करार यांनी पाळला, मी नाही. मी हाका मारल्या. अहो फिरा, एकदाच फिरा. गाडीच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय. हे डबे बघत होते. एक, दोन, तीन. सहा डब्यांवर कंटेनर होते. सातव्यापासून तीन-चार रिकामे, नुसते पाटासारखे. त्या सातव्याच्या खालून पांढरा धूर निघाला.

यांनी धूर पाहिला. हात कमरेला गेला, तिथे झेंडा नव्हता. यांनी मागे वळून न बघता हात मागे टाकला, शालीखालून माझा पदर खस्सकन ओढला आणि उंच धरून हलवायला लागले. पदराबरोबर मी ओढली गेले, आणि त्या धक्क्यात पांढऱ्या गोलावर माझं बोट टेकलं.

मागच्या गार्डने लाल पाहिला. गाडी करकरत, किंचाळत, आम्हाला दोनेकशे पावलं ओलांडून थांबली. त्रेचाळीस वर्षांनी, त्याच साडीपुढे, त्याच रंगाची गाडी.

पुढे जो गोंधळ झाला त्याला मी जबाबदार नाही. इंजिन लांब पुढे जाऊन थांबलेलं बघून पाड्याच्या माणसांना वाटलं, ते मानासाठीच थांबलं. सगळी माणसं हार आणि नारळ घेऊन कुंपणाकडेने इंजिनाच्या दिशेने धावली. त्या वर्षी आमच्याकडे दर महिन्याला कशाविरुद्ध तरी मोर्चा असायचा. ड्रायव्हरने धावत येणारी चाळीस माणसं पाहिली, दारं आतून बंद केली आणि स्टेशनला कळवलं की आंदोलन सुरू झालंय. कुणीतरी कुंपणाच्या खांबावर नारळ फोडला, तेव्हा तो म्हणे खाली वाकून बसला. सहायक ड्रायव्हर मात्र धीराचा. त्याने उतरून एकेका डब्याची चाकं हाताने तपासली.

इकडे गार्ड आमच्याकडे चालत आला. पन्नाशीचा, वलसाडकडचा माणूस, रागाने लाल. त्याच्या हातातल्या वॉकीटॉकीवर सहायक सांगत होता की सगळी चाकं थंड आहेत. मला ते स्पष्ट ऐकू आलं. यांना लांबचे रूळ ऐकू यायचे, पण यंत्रातला तो खरखरता आवाज नाही.

हे अजून ताठ उभे होते. पदर मुठीत तसाच. मी पदराच्या दुसऱ्या टोकाला.

"कोणी गाडी थांबवली? फोटोसाठी थांबवली?" गार्डने माझ्या हातातला मोबाइल पाहून विचारलं.

 मी हळूच पलीकडे बोट केलं. तिथे रुळांच्या पलीकडे काकड्या शेकोटीला फुंकर घालत होता. पांढरा धूर छान वर चढत होता. गार्डने धूर पाहिला. मग यांच्याकडे पाहिलं. टोपी, वरचं बटण, सरळ जुळवलेल्या टाचा. रेल्वेचा माणूस रेल्वेच्या माणसाला पाठीवरूनही ओळखतो.

"कुठल्या गेटला होता काका?"

"याच. पस्तीस वर्षं. सातवा डबा, पुढून सातवा. ब्रेक चिकटलाय, चाक धरलंय."

मी देवीला नवस बोलले. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला कोंबडा, नारळ, काय हवं ते, पण या गार्डच्या तोंडून खरं निघू देऊ नको. यांच्या नावावर एकच चूक होती आणि तीही माझी. आता जाता जाता ही दुसरी कशाला?

गार्डने हिरवा झेंडा काखेत धरला आणि म्हणाला, "बराबर पकडलंत काका. सातव्याचाच ब्रेक चिकटला हता. सोडवला आता."

यांनी मान डोलावली. मग पदर सोडला. हाताने नीट चुण्या सारख्या करून माझ्या खांद्यावर टाकला. गाडी निघाली तेव्हा हे पुन्हा तिच्याकडे तोंड करून उभे राहिले, शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत.

घरी येताना यांनी विचारलं, "पट्टा केवढा होता?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. इंजिन गेलं तेव्हा हे माझ्याकडे बघत होते. ज्याच्यासाठी खाटेवरून उठले, ते यांनी पाहिलंच नाही. मी हाताने वीतभर दाखवला. "होता तेवढाच," म्हटलं. "अगदी बरोबर होता."

"मग झालं," हे म्हणाले.

माझ्या फोटोत काय आलं ते आता सांगते. इंजिन नाही. चेहरा नाही. यांची पाठ आहे, वर उचललेली मूठ आहे, आणि त्या मुठीतून फोटोच्या कोपऱ्यापर्यंत माझा लाल पदर ताणलेला आहे. मागे रिकामा डबा. आणि डब्याच्या वरून, आरशासारखी स्वच्छ, काकड्याची किटली. खाली धूर.

मनिषचा फोटो फार सुंदर आला. शेकडो लोकांनी वाखाणला म्हणे. त्याने मला मोठा करून आणून दिला. इंजिन, रूळ, आभाळ. मी चष्मा लावून कोपरान् कोपरा पाहिला. म्हटलं, इथे चौथरा आहे, मग यावर आम्ही कसे नाही?

"होतात ना बाई," तो म्हणाला. "एक पांढरा ठिपका होता आणि एक राखाडी. फ्रेम खराब होत होती म्हणून पुसले."

त्या पांढऱ्या ठिपक्याचं तोंड माझ्याकडे होतं. मी विचारलं, मूळचा आहे का रे? नव्हता. कॅमेऱ्यातली जागा भरते म्हणून काढून टाकला होता. मी त्याला पोहे केले. त्याचं काय चुकलं? तो निदान इंजिनाकडे बघायला आला होता आणि इंजिनाकडेच बघत होता.

डॉक्टरांचं हवामान चुकलं. हे पावसाळा काढून गेले, नवरात्राच्या आधी. तोवर रोज एकदा मोबाइलमधला तो फोटो मागायचे. मी दाखवायची, पण किटलीवर अंगठा ठेवून. सात-आठ महिने मी तो अंगठा ठेवला. शेवटच्या आठवड्यात एकदा यांनी तो हळूच बाजूला केला.

"राहू दे," हे म्हणाले. "किटली मला त्याच दिवशी दिसली होती. पदर तुझ्या खांद्यावर टाकताना."

मी मोबाइल उशाशी ठेवला.

"गार्ड चांगला होता," हे म्हणाले. "खोटं बोलताना हिरवा झेंडा धरला, लाल नाही."

आता तो पाठमोरा फोटो भिंतीवर आहे. पाहुणे येतात, दोनदा बघतात आणि विचारतात की उलटा टांगलाय का. हार घालायला अडचण येत नाही. अडचण गंधाची. कपाळच नाही तर गंध लावायचं कुठे? महिनाभर विचार केला. मग एक जागा ठरवली आणि रोज तिथेच लावते.

परवा काकड्या आला, फोटोसमोर उभा राहिला आणि बराच वेळ डोकं खाजवत राहिला.

"बाई, गंध माझ्या किटलीला कशाला?"

मी म्हटलं, "काय करू काकड्या, सबंध फोटोत आपल्याकडे तोंड करून तेवढी एकच आहे."